पंजा नको

माउस कसा धरावा हे सांगून एखाद्याचं वाईट करता येतं, असं कुणी मला पूर्वी म्हणालं असतं तर मी त्याला फिल्टर कॉफी पाजून घरी पाठवलं असतं. आता नाही पाठवणार.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाईंनी माझ्याकडे ‘दुकानातल्या गमती’ मागितल्या होत्या. गमती आहेतच. पण त्या लिहायला बसलो की दर वेळी एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते, आणि तिच्यात गंमत अजिबात नाही. तेव्हा आधी गमती सांगून घेतो, म्हणजे दुसरं सांगायचा धीर येईल.

माझी नोकरी संरक्षण कारखान्यात झाली. तपासनीस होतो. कामगारांनी बनवलेला तुकडा हातात घ्यायचा, व्हर्नियर लावून मोजायचा, ड्रॉइंगशी ताडून पाहायचा आणि पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा. सांगलीचा माणूस मी, चेन्नईत आलो आणि शिक्के मारता मारता म्हातारा झालो. निवृत्तीनंतर घरातही मी पोळ्यांची जाडी बघायला लागलो, तेव्हा बायकोनं हात जोडले आणि म्हणाली, कुठेतरी जाऊन बसा. जॉर्ज टाउनमध्ये सेल्वम नावाच्या ओळखीच्या माणसाचं संगणकाच्या सामानाचं दुकान आहे. त्याला विश्वासू माणूस हवा होता आणि मला माणसं हवी होती. काउंटरच्या डाव्या टोकाला माउसची काचेची कपाटं आहेत. ते टोक गेली आठ वर्षं माझं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, माउस म्हणजे माउस. त्यात काय निवडायचं? ऑफिसात दिवसभर हिशेबाचे कागद वरखाली करणाऱ्याला खरंच फार काही निवडायचं नसतं. पण संगणकावर खेळणाऱ्याचं तसं नाही. तो तीन-तीन तास माउस सोडत नाही आणि मिनिटाला शंभरदा बोट दाबतो. त्याच्या हाताला माउस बसला नाही तर आधी बोट, मग मनगट, मग थेट कोपर बोलायला लागतं. चप्पल जशी पायावर घालून बघतात तसा माउस हातावर बघायचा असतो, हे लोकांना पटवण्यातच माझा अर्धा दिवस जातो.

मी गिऱ्हाइकाचा हात मोजतो. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या रेघेपर्यंत लांबी, आणि अंगठा सोडून चार बोटांची रुंदी. पहिल्यांदा व्हर्नियर काढला तेव्हा सेल्वम दुकानाच्या मागे जाऊन हसून आला. आता तोच लोकांना सांगतो, आमच्याकडे हात मोजून माउस देतात.

मग बघायची पकड. ती तीन तऱ्हांची. पहिलीत अख्खा हात माउसवर विसावतो, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. ही सगळ्यांत आरामाची, पण माउस हाताच्या मापाचा, भरलेला लागतो. दुसरीत तळहाताची मनगटाकडची कड माउसच्या टोकाला टेकलेली असते आणि बोटं कमानीसारखी वर उचललेली, मांजर भिंतीवर चढताना करतं तशी. बोट चटकन दाबलं जातं म्हणून खेळणाऱ्यांना ही आवडते, पण बोटांच्या शिरांवर ताण पडतो. तिसरीत हात टेकतच नाही. तापलेलं झाकण उचलावं तसा माउस नुसत्या बोटांच्या टोकांनी धरायचा. त्याला माउस छोटा आणि हलका हवा, नाहीतर हात लवकर दमतो. इंग्रजीत यांना पाम, क्लॉ आणि फिंगरटिप म्हणतात, आणि चेन्नईतली पोरं तमिळ बोलतानाही हेच शब्द वापरतात.

यात चांगली-वाईट पकड अशी नसते. आपल्या हाताची कुठली हे शोधायचं. सिरुसेरीच्या आयटी पार्कातला एक इंजिनियर यायचा, तो माउस दिव्यांवरून निवडायचा. ज्याच्या पोटात जास्त रंगीत दिवे लागतात तो चांगला. तीन माउस नेले, तीनही परत आणले. चौथ्या वेळी मी त्याला डोळे मिटायला लावले आणि हातात एकामागून एक सहा माउस दिले. त्यानं जो उचलला तो अगदी साधा, काळा, दिव्याबिव्याचं नाव नसलेला होता. डोळे उघडून त्या माउसकडे बघताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू बिचाऱ्याला मुलगी बघायला नेऊन तिची मावशी दाखवली असावी. पण नेला, आणि परत आणला नाही.

आमच्याच गल्लीतले मिरच्यांचे एक घाऊक व्यापारी आहेत, सत्तरीचे. दुकान नातवावर सोपवून दुपारी रणगाड्यांचा खेळ खेळतात. ते माउस लाडू वळल्यासारखा धरतात, पाचही बोटांनी आवळून. ही पकड कुठल्याच तऱ्हेत बसत नाही. मी सुधारायला गेलो तर म्हणाले, “सार, पन्नास वर्षं मी मूठभर मिरची उचलून वजन सांगतोय. हा हात आता काय शिकणार?” मी त्यांना सगळ्यांत गोल माउस दिला. तेव्हा तरी मला ठाऊक होतं की हात आधी आणि माझं शहाणपण नंतर.

आता ती गोष्ट.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी दुकानात एक वडील आणि त्यांची मुलगी आली. काउंटरपाशी दोघं आपसात बोलत होती आणि माझे कान टवकारले. “येवढा मोठा होणें ना, अप्पा. लहान बरा,” असं मुलगी म्हणाली, म्हणजे एवढा मोठा नको. स्वर तमिळ, शब्द आपले. मी विचारलं, “मराठी का?” वडील एकदम खुलले. “होय होय. तंजावर मराठी. आमचे पूर्वज सरफोजी राजांच्या वेळचे.” त्यांचं नाव गोपाळराव, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वेस्ट मांबलमला राहणारे, म्हणजे माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. मुलगी मैथिली, चोवीस वर्षांची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. म्हणजे तीही तपासनीसच. मला फार आनंद झाला.

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या मंडळाच्या शुद्ध उच्चार स्पर्धेचा मी कायमचा परीक्षक आहे. परप्रांतात राहून मराठी जपतो याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. मागे मंडळात मी ‘माउस आणि माणसाचा हात’ असं भाषण दिलं होतं. त्यासाठी तिन्ही पकडींना मी मराठी नावं दिली होती. आराम-पकड, पंजा-पकड, बोट-पकड. टाळ्या पडल्या होत्या. पण दुकानात ती नावं वापरायला मराठी गिऱ्हाईकच मिळत नव्हतं.

मैथिली नुसती हौसेनं खेळत नव्हती. पाच-पाच जणींच्या संघांनी खेळायचा नेमबाजीचा खेळ असतो, त्यात तिनं चेन्नईत नाव कमावलं होतं. एका नव्या संघात एकच जागा रिकामी होती आणि सहा आठवड्यांनी त्यांची निवड होती. घेतलं असतं तर वर्षभर पगार घेऊन खेळायला मिळणार होतं. गोपाळरावांना खेळ कळत नव्हता, पण मुलगी कशात तरी इतकी हुशार आहे याचं त्यांना कौतुक होतं. अडचण एवढीच होती की तिची बोटं दुखायला लागली होती.

मी तिचा हात मोजला. लहान हात, सोळा सेंटिमीटर आणि वर थोडं. तिला माउस धरायला लावला. बोटं कमानीसारखी वर, अगदी ताठ. दुखणं तिथेच होतं. अशा वेळी मी काय करतो, तर माझा हात माउसवर ठेवून दाखवतो, मग गिऱ्हाइकाला ठेवायला सांगतो, मग पुन्हा बघतो. तमिळ गिऱ्हाइकाशी मला हे करावंच लागतं, कारण माझी तमिळ भाजी आणि बसच्या पलीकडे जेमतेम जाते. त्या दिवशी मी हे काहीच केलं नाही. मराठीत बोलायला मिळत होतं ना. मी दहा मिनिटं भाषण केलं. शेवटी म्हणालो, “हे बघ मैथिली, तुला पंजा नको. पंजा पूर्ण सोडून दे. हा भरलेला माउस घे आणि सहा आठवडे पंजाचं नाव काढू नकोस.”

ती म्हणाली, “सेरी मामा. पंजा नको.” सेरी म्हणजे तमिळमध्ये बरं.

गोपाळराव जाताना म्हणाले, “दुकानांत कोणी आपली भाषा बोलणार म्हणून वाटलेंच नव्हतें.” मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो.

पंधरा-सोळा दिवसांनी मैथिलीचा दुकानात फोन आला. तेव्हा माझ्यासमोर मंडळातले एक गृहस्थ उभे होते, पुण्याचे, कीबोर्ड घ्यायला आलेले. गर्दी नव्हती. फोनचा आवाज मी मोठा ठेवतो, ऐकायला कमी येतं म्हणून. ती म्हणाली, “मामा, तुम्ही सांगितलें तसें पंजा सोडून माउस धरल्यें. पण बोटें आधीपेक्षां फार दुखतात. मनगटही. असेंच धरणें का?”

मी काय ऐकलं? मी ‘धरल्यें’ ऐकलं.

पुण्याचे गृहस्थ हसले. मीही हसलो, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, “अगं, माउस धरल्यें नव्हे. ‘मी माउस धरला’ म्हणावं. माउस पुल्लिंगी. तू धरलीस काय आणि मी धरला काय, माउस तो माउसच.” गृहस्थांनी टाळी दिली. मग मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, “नवी सवय आहे, दुखणारच. चालू ठेव.”

मग ती म्हणाली, “सेरी,” आणि फोन ठेवला. त्या सेरीच्या पुढे मामा नव्हतं. पण हे मला आत्ता आठवतं, तेव्हा लक्षातही आलं नाही. आम्ही दोघं कीबोर्डाकडे वळलो.

पुण्याचे गृहस्थ हा अंक वाचतील. त्यांना वाईट वाटायचं कारण नाही. टाळी त्यांनी दिली असली तरी हात मी पुढे केला होता.

त्यानंतर महिन्याभरानं गोपाळराव एकटेच दुकानात आले. पिशवीत तोच माउस होता, पुसून, मूळ खोक्यात नीट बसवलेला. परत करायला नव्हता आणला. एवढंच विचारायला आले होते की डाव्या हातानं चालेल असा एखादा छोटा माउस मिळेल का. मैथिलीच्या उजव्या मनगटाला डॉक्टरांनी पट्टा बांधला होता. निवडीच्या दिवशी ती गेली होती, पहिला डाव कसाबसा खेळली, दुसऱ्या डावात तिची बोटं दाबलीच जाईनात. तिनं स्वतःच उठून सांगितलं की मला जमत नाही. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

हे सगळं त्यांनी गणिताच्या मास्तरासारखं, पायरीपायरीनं सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, “ती धरत कशी होती, दाखवा बरं.”

त्यांनी खोक्यातून माउस काढला. हात वर अधांतरी ठेवला आणि तो मोठा, भरलेला, जड माउस नुसत्या बोटांच्या टोकांनी चिमटीत पकडला. तापलेलं झाकण. “असा,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलांत ना, पंजा नको म्हणून. आधी तिचा पंजा मागें थोडा टेकत असे. तोही उचलून टाकला तिनें. फार कष्टानें सवय केली हो.”

मी विचारलं, “पंजा म्हणजे काय समजलात तुम्ही?”

त्यांनी माउस खाली ठेवला आणि आपला हात माझ्यासमोर सरळ उघडला, पाचही बोटं पसरून. “हा पंजा. मोहरमला आमच्या गांवांत मिरवत नेतात ना, चांदीचा, तो. लहानपणीं मी खांद्यावरून पाहिलेला. अख्खा हात म्हणजे पंजा. दुसरा कुठला?”

दुसरा माझा होता. वाघाचा, मांजराचा, नखं बाहेर काढलेला. मी बोटं वाकवून त्यांना दाखवला. ते बघत राहिले आणि म्हणाले, “याला आमच्याकडे नखोरा म्हणतों. मैथिली लहान असतां रागावली कीं असा हात करी. नखोरा काढूं नको म्हणून तिची आई ओरडे.”

मी तिला हात टेकू नकोस असं सांगितलं होतं. जे करायला हवं होतं नेमकं तेच करू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि वर मोठा माउस दिला होता. तिनं ते मुकाट्यानं केलं. दुखलं तेव्हा विचारलंही. विचारलं ते एवढं स्पष्ट होतं की कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. ‘पंजा सोडून धरल्यें.’ पंजा सोडला तर आराम पडायला हवा, बोटं जास्त कशी दुखतील, एवढा एक प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता.

कारखान्यात आमचा एक नियम होता. तुकडा बिघडला तर आधी ड्रॉइंग तपासायचं, कामगाराला नंतर बोलायचं. कित्येकदा चूक ड्रॉइंगमध्येच निघायची. हा नियम मी तरुण तपासनिसांना घोकून घेऊन शिकवला आहे.

आणि गोपाळरावांना मी काय म्हणालो? मी म्हणालो, “तिची समजण्यात चूक झाली असेल. तिची मराठी जरा वेगळी आहे ना.”

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते गाळून गोष्ट सांगता येते, पण मग ती गोष्ट राहत नाही.

गोपाळराव माझ्यावर चिडले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “असेल. आमची भाषा तुमच्यासारखी शुद्ध नव्हे. पोरीला मी नीट शिकवायला हवें होतें.” असं म्हणून त्यांनी माझीच क्षमा मागितल्यासारखं केलं. मी त्यांना डाव्या हाताचा माउस दिला, तो खोक्यात भरताना माझ्या तोंडून खरं निघेल असं मला वाटत होतं, पण निघालं नाही. ते गेले. या वेळी मी दारापर्यंत सोडायला गेलो नाही.

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, “लोकांच्या पोरीचे उच्चार तपासायला बसलात, हात बघायचा सोडून. आता इथं तोंड पाडून काय उपयोग? चार गल्ल्यांवर तर राहतात.”

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट, दारात तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचं ताजं कोलम. मैथिलीनंच दार उघडलं. उजव्या हाताला मनगटापासून अंगठ्यापर्यंत निळा पट्टा होता, आणि डाव्या हातानं कडी काढायला तिला वेळ लागला. गोपाळराव पेपर बाजूला ठेवून उठले. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो की चूक तुमच्या समजण्याची नव्हती, माझ्या सांगण्याची होती. तू फोन केलास तेव्हा मी तुझं दुखणं ऐकलं नाही, तुझं व्याकरण ऐकलं, आणि चार लोकांत हसलो. परवा तुझ्या वडिलांशी तर खोटंच बोललो. मला लाज वाटते.

गोपाळराव “अहो, असें काय, बसा बसा” म्हणत राहिले. मैथिली माझ्याकडे बघत होती. ती रागावलेली दिसली नाही. खूप वेळ थांबलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. मग म्हणाली, “परवायिल्लै, अंकल.”

असू दे, अंकल. गोड तमिळ. कुणालाही म्हणतात तसं. तिच्या आईनं कॉफी आणली, मी ती प्यायलो, आणि पुढची पंधरा मिनिटं मैथिली वडिलांशी मराठीत आणि माझ्याशी तमिळमध्ये बोलली. मी मराठीत विचारलेलं तिला सगळं कळत होतं. उत्तर मात्र तमिळमध्ये यायचं, माझ्यासाठी सावकाश, सोपे शब्द निवडून. तमिळमध्ये माझे उच्चार कसे आहेत हे मला चांगलं ठाऊक आहे. ती एकदाही हसली नाही.

त्यानंतर दुकानात मी पकडींची नावं घेणं सोडलं. मराठी, तमिळ, इंग्रजी, कुठलंच नाव नाही. माझा हात माउसवर ठेवतो आणि म्हणतो, असा. मग त्यांना ठेवायला सांगतो आणि आठवड्यानं पुन्हा यायला लावतो. उच्चार स्पर्धेच्या परीक्षकपदाचा राजीनामा मी संपादिकाबाईंकडे या लेखासोबत पाठवला आहे.

गेल्या महिन्यात मैथिली दुकानात आली. पट्टा निघाला होता. पुन्हा थोडं थोडं खेळायला लागली होती, दिवसाला अर्धा तास, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. त्या संघाचं मी विचारलं नाही. तिला तिच्या हाताच्या मापाचा माउस हवा होता. मी कपाटातला एक छोटा, पण पाठीला उंच असा निवडला, तिच्यापुढे ठेवला आणि माझा हात त्यावर अलगद टेकवून दाखवला. मग तिनं ठेवला. बोटं सैल, हात विसावलेला. चांगला बसला. मी तिला तीनदा उचलून पुन्हा ठेवायला लावला आणि तिन्ही वेळा बघितलं.

मग मला राहवलं नाही. मी माझी बोटं वाकवली, नखं बाहेर काढल्यासारखी, आणि मराठीत विचारलं, “मैथिली, असं नाही करायचं. याला तुमच्याकडे काय म्हणतात गं?”

तिनं माझ्या हाताकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

“तेरियादु, अंकल,” ती म्हणाली. माहीत नाही. आणि माउसचं खोकं उचलून पिशवीत ठेवलं.